आम्ही पाच हजारवाले भाचे

"इतकं भारी बनवतोस, मग विकत का नाहीस?" हा प्रश्न मला आता पाठ झालाय. ऑफिसात, लग्नकार्यात, अगदी लिफ्टमध्येसुद्धा. विचारणाऱ्याला वाटतं आपण कौतुक करतोय. माझं डोकं मात्र फिरतं. का, ते एकदाचं लिहून टाकतो.

तर मी शनिवार-रविवारी जंप रिंग्ज, म्हणजे धातूच्या छोट्या कड्या, एकमेकींत ओवून कानातले करतो. जुन्या काळी कड्यांचं चिलखत विणायचे तशीच ही वीण. फक्त इथे तलवारीचा वार येत नाही, त्यामुळे कड्यांना रिवेट मारावे लागत नाहीत. (मुलगा असून कानातले? हो. पुढे चला.)

यात इंजिनिअरिंग ठासून भरलंय. कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी, सगळा खेळ या एका आकड्याचा. बायझंटाइन विणीला तो ३.५ च्या आसपास लागतो. म्हणजे १ मिमी तार, ३.५ मिमी कडी. आकडा फार कमी झाला तर शेवटची कडी आत शिरतच नाही, फार वाढला तर वीण नुसती लोंबते. दांडीवर गुंडाळलेली तार सोडली की किंचित उसळते, म्हणून दांडी जराशी बारीक घ्यायची. त्यात १८ गेजची तार मागवावी, तर ब्रिटिश १८ म्हणजे १.२२ मिमी आणि अमेरिकन १८ म्हणजे १.०२! कडी मिटताना टोकं बाजूला फाकवायची नाहीत, पुढे-मागे पिळायची, थोडी पलीकडे नेऊन परत आणायची. टोकं घासून बारीकसं 'टिक' झालं की मिटली. अशा ६० कड्या म्हणजे एक जोड. माझे दोन तास जातात.

आता हिशोब. तांबं जेमतेम सहा-सात ग्रॅम. हुक धरूनसुद्धा माल पन्नास रुपयांच्या आत. बाकी सगळे ते दोन तास.

दिवाळीच्या आधी आयटी पार्कांत स्टॉल लागतात, बघितले असतील. तिथे आपल्यातलंच कुणीतरी "जस्ट हॉबी यार" म्हणत शंभराला जोड विकत असतं. शेजारच्या टेबलावर तसंच काम अडीचशेला घेऊन एक बाई बसलेल्या असतात. त्यांचं घर त्यावर चालतं. गिऱ्हाईक दोन्हीकडे बघतं आणि त्यांना सुनावतं, "मॅडम, तिकडे शंभरला मिळतंय."

हे शंभर रुपये परवडतात कसे? पगारातून! भाडं, ईएमआय, मेडिक्लेम सगळं नोकरीवर निघतं, म्हणून दोन तासांची किंमत शून्य लावायची चैन. वर त्याला साइड हसल म्हणायचं.

आणि हेच आपण, क्लायंट "माझा भाचा पाच हजारात वेबसाइट करून देतो" म्हणाला की कसले पेटतो! त्या भाच्याला काही येत नाही, त्याने मार्केटची वाट लावली, वगैरे वगैरे. अहो, शनिवारी स्टॉलवर बसलेला तो भाचा कोण मग?

"मार्केट ठरवेल ना" म्हणणारे आहेतच. जरूर ठरवू दे, पण एका पारड्यात महिन्याचा पगार ठेवून नाही. दुसरे ओपन सोर्सवाले: आपण कोड फुकट देतोच की! देतो, पण तो कोड वापरून त्या बाईसुद्धा दुकान थाटू शकतात. माझ्या शंभराच्या जोडाने त्यांचं फक्त एक गिऱ्हाईक कमी होतं. हुपरीला कितीतरी घरांचं पोट चांदीकामावर आहे. तिथे जाऊन सांगून बघा, की आम्ही मजुरी लावत नाही, आम्हाला मजा येते.

विकायचं असेल तर खुशाल विका, पण दोन तास बिलात धरा. गिऱ्हाईक पळालं तर पळू दे, तुमची चूल काही विझत नाही. मी विकत नाही. बहिणीला, मैत्रिणींना, टीममधून सोडून जाणाऱ्यांना देतो. अगदीच कुणी मागे लागलं तर म्हणतो, शनिवारी घरी ये, बिनदात्यांच्या दोन पकडी घेऊन ये, तार माझी. आतापर्यंत तिघं आले. त्यातला एक विसाव्या कडीलाच चहा मागून गच्चीत जाऊन बसला.