पर्यायही त्याच वाटेने

उत्तर प्रदेशातील नरोरा अणुवीज केंद्रात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे टर्बाइनची पाती तुटली, जनित्रातला हायड्रोजन पेटला आणि आग केबलींच्या मार्गाने पसरत गेली. आणीबाणीसाठी डिझेल जनित्रे होती. पण त्यांची वीज पोचवणाऱ्या केबली मुख्य केबलींच्याच शेजारून गेलेल्या, मध्ये आगरोधक आडोसा नाही. मुख्य गेली तशी पर्यायीही गेली. सुमारे १७ तास केंद्राला वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी विजेऱ्यांच्या उजेडात व्हॉल्व्ह हातांनी उघडले, डिझेल इंजिनांवरच्या अग्निशमन पंपांनी पाणी पुरवले, म्हणून निभावले.

हा धडा तेव्हाही नवा नव्हता. १९७५ साली अमेरिकेत ब्राऊन्स फेरी अणुकेंद्रात हवेची गळती मेणबत्तीच्या ज्योतीने तपासताना केबलींभोवतीचा फोम पेटला आणि सोळाशेहून अधिक केबली जळाल्या. पर्यायी यंत्रणांच्या केबलींमध्ये पुरेसे अंतर किंवा आग थोपवणारी भिंत हवी, हा नियम तिथे त्यातूनच आला.

अणुकेंद्रे दूर राहिली. आपल्याच इमारतीतला विजेचा शाफ्ट उघडून पाहावा. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की विजेच्या केबलींना स्वतंत्र शाफ्ट हवा, त्यात पाण्याचे वा गॅसचे पाइप आणि टेलिफोनच्या तारा नकोत आणि प्रत्येक मजल्यावर तो आगरोधक साहित्याने बंद हवा. प्रत्यक्षात इंटरनेटवाला येतो, बुजवलेले भोक फोडतो, वायर ओवतो आणि निघून जातो. मग विजेच्या गाडीच्या चार्जरची जाड केबल येते, तीही शाफ्टमधल्या केबलींच्या त्याच ट्रेवर लादली जाते. दहा-बारा मजल्यांचे आयते धुरांडे तयार होते.

दाटीचा धोका आगीआधीच सुरू होतो. प्रवाह वाहताना केबल तापते आणि भोवतालच्या हवेने निवते. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. नऊ सर्किटांच्या केबली एकत्र जुडीने बांधल्या, तर आंतरराष्ट्रीय मानकानुसार प्रत्येकीवर एरवीच्या निम्माच भार टाकता येतो. केबली वाढतात तसा हा हिशेब पुन्हा मांडायला हवा. तो मांडतो कोण? सुट्या केबलीच्या क्षमतेवरून बसवलेला एमसीबी तर पडतही नाही, कारण त्याच्या लेखी प्रवाह मर्यादेतच असतो. आवरण मात्र वर्षानुवर्षे आतून कडक होत राहते. मग एके दिवशी ‘शॉर्टसर्किट’ची बातमी येते आणि दोष विजेवर टाकून सगळे मोकळे होतात.

ट्रेमधली मोकळी जागा बिल्डरला वाया गेलेली वाटते, कंत्राटदाराला पुढच्या केबलीची सोय वाटते. वास्तविक ती सुरक्षेसाठीच सोडलेली असते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतींना जानेवारी आणि जुलैमध्ये आगरोधक यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. पंप, होज आणि सिलिंडर यांच्याबरोबर प्रत्येक मजल्यावरच्या शाफ्टचे छायाचित्रही त्याला जोडणे सक्तीचे करावे. सोसायट्यांनीही एक नियम करावा. घरदुरुस्तीसाठी जशी अनामत घेतली जाते, तशी केबल टाकणाऱ्याकडूनही घ्यावी, आणि त्याने पाडलेले भोक आगरोधक साहित्याने बुजल्याखेरीज ती परत करू नये.