गाठ आक्रसली, मूळ शिल्लक

पिंपरीच्या औद्योगिक इतिहासात एका औषधाला मानाचे स्थान आहे. १९५४ साली येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागले. जंतू मेले की रोग संपला, ही उपचाराची कल्पना त्या काळात लोकांच्या मनात रुजली. कर्करोगाला ती लागू पडत नाही. प्रोस्टेट, म्हणजे पुरस्थ ग्रंथीच्या कर्करोगात तर ती घातक ठरू शकते.

हा रोग पुरुषसंप्रेरकावर पोसला जातो, हे शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ साली दाखवून दिले. या कार्याबद्दल त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरकाचा पुरवठा तोडला की गाठ आक्रसते, वेदना शमतात. रोग ग्रंथीपुरता असेल तर शस्त्रक्रियेने वा किरणोपचाराने तो पुष्कळदा बराही होतो. परंतु एकदा पसरलेला रोग संप्रेरक तोडून काही काळ दबला, तरी बहुधा परत येतो आणि मग त्याच उपायाला दाद देत नाही. असे का व्हावे?

याचे एक उत्तर मूलपेशींच्या संशोधनातून पुढे आले आहे. स्वतःसारख्या पेशी निर्माण करणे आणि इतर प्रकारच्या पेशींना जन्म देणे, ही मूलपेशींची दोन कामे. इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली प्रोस्टेटच्या गाठींत मूलपेशींचे गुणधर्म असलेल्या पेशी वेगळ्या काढल्या. त्यांचे प्रमाण अवघे ०.१ टक्क्याच्या आसपास होते. त्याच वर्षी पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील डॉ. शर्मिला बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगात अशा पेशींचा पुरावा मांडला.

शेतातील हरळी वरून कितीही कापली तरी जमिनीतील कांडी पुन्हा फुटते. या पेशींचे वर्तन तसेच दिसते. त्या संप्रेरकावर फारशा अवलंबून नसतात आणि सावकाश विभाजित होतात. रक्तातील ज्या पीएसए या द्रव्यावरून रोगाचा अंदाज घेतात, तेही त्या अल्पच निर्माण करतात. म्हणजे आकडा उतरला तरी तो गर्दी पांगल्याचा पुरावा असतो, मूळ उपटल्याचा नव्हे.

या पेशी मुळातच वेगळ्या असतात, हे सर्वच शास्त्रज्ञांना मान्य नाही. उपचारांच्या दडपणाखाली सामान्य कर्कपेशीही असे गुणधर्म धारण करू शकतात, असा दुसरा पक्ष आहे. तथापि कोणताही पक्ष खरा धरला, तरी गाठ आक्रसणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे, हा निष्कर्ष अबाधित राहतो.

प्रसाराची कथाही मूलपेशींशी जोडलेली आहे. हा रोग विशेषेकरून हाडांत उतरतो. अस्थिमज्जेत रक्ताच्या मूलपेशींची जी निवासस्थाने असतात, तीच प्रोस्टेटच्या कर्कपेशी बळकावतात, असे मिशिगन विद्यापीठातील संशोधकांना २०११ साली उंदरांवरील प्रयोगांत आढळले.

येथेच या औद्योगिक पट्ट्याचा प्रश्न उभा राहतो. जन्मभर लेथ वा प्रेसपुढे उभ्या राहिलेल्या कामगाराची पाठ दुखू लागली, की घरचे आणि तो स्वतःही दोष कामाला देतात. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण काही वेळा ते दुखणे हाडांत उतरलेल्या रोगाचे असते. शिवाय हा रोग प्रामुख्याने साठीनंतरचा, तर कामगारांच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया वेतन हा. भोसरी, आकुर्डी, चिंचवड येथील कारखाने ज्यांनी उभे केले, ती पिढी निवृत्त झाली आहे. चाकणच्या कंत्राटी कामगाराजवळ तर म्हातारपणी एका कारखान्याची सलग आरोग्यनोंदही नसेल.

यावर सरसकट तपासणी हा उपाय नव्हे. मंदगती रोगाच्या अनेक वृद्धांवर त्यामुळे अनावश्यक उपचार लादले जातील. गरज आहे ती दीर्घकालीन पाठपुराव्याची. निवृत्तीच्या वेळी प्रत्येकाच्या हाती त्याची आरोग्यनोंद द्यावी. पालिकेच्या रुग्णालयांनी उपचार घेतलेल्यांची नोंदवही ठेवून त्यांना ठरावीक मुदतीने बोलवावे. वृद्धाची न हटणारी पाठदुखी कामाच्या खाती मांडण्यापूर्वी तपासावी. यंत्राची देखभाल हमीची मुदत संपल्यावरही चालू ठेवावी लागते, हे या नगरीला कोणी शिकवावयास नको. तोच न्याय ते यंत्र चालविणाऱ्या माणसाला लावला पाहिजे.