रोमची चिंता आणि बीडचा कोयता

पोप लिओ चौदावे यांनी 10 मे 2025 रोजी कार्डिनलांपुढे आपल्या नावाचा खुलासा केला. 1891 साली लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकातून कारखान्यातील श्रमिकांचा प्रश्न हाती घेतला होता. आज कृत्रिम बुद्धिमत्तेने मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांपुढे तसेच आव्हान उभे केले आहे, असे त्यांचे प्रतिपादन. धर्मपीठाचा यंत्राशी काय संबंध, असे म्हणून हसणाऱ्या मित्रांनी एकदा बीडकडे पाहावे.

ही बुद्धिमत्ता आपल्या उसात आली आहे. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या प्रकल्पात, मायक्रोसॉफ्टच्या साहाय्याने, उपग्रह आणि जमिनीतील संवेदक पाण्या-खताचा सल्ला देतात. पाणी वाचत असेल, एकरी उत्पन्न वाढत असेल, तर स्वागतच आहे. परंतु थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या या वहीत ऊस तोडणाऱ्या बाईचा रकाना कोठे आहे?

श्रमिकालाच यंत्राच्या वेगाशी जुळवून घ्यावे लागते, अशी खंत व्हॅटिकनच्या जानेवारी 2025 च्या ‘आंतिक्वा एत नोव्हा’ या टिपणात आहे. बीडला हे नवे नाही. येथे उचल देताना मुकादम पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ धरतो. दोन माणसांची ओळख एका हत्यारात बुडते. एका दिवसाच्या खाड्याला दंड. 2019 साली राज्य शासनाच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडच्या सुमारे 82 हजार ऊसतोड स्त्रियांपैकी 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. संगणक येण्यापूर्वीच माणसाचे यंत्र झाले होते.

म्हणून रोमचे निदान मान्य. उपाय मात्र अपुरा. फेब्रुवारी 2020 मध्ये मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांनी रोममधील नीतिविषयक आवाहनावर सह्या केल्या. त्यात सर्वसमावेशकता हे एक तत्त्व आहे. पण मालकाचा विवेक सहीने जागा होत नाही. लिओ तेराव्यांनी समाजवादाला विरोध केला, हे आपण विसरलेलो नाही. परंतु कामगारांचा संघटनेचा हक्क त्यांनीही मान्य केला होता. तेवढे एक वाक्य आपल्याला पुरेसे आहे.

तेव्हा मागणी स्पष्ट असावी. प्रत्येक स्त्रीची स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र मजुरी. यंत्रामुळे होणाऱ्या बचतीत तोडणी कामगाराचा वाटा. आणि तोडणीचा निर्णय संगणकावर सोपवण्यापूर्वी त्यांच्या संघटनेची संमती. येत्या हंगामाच्या गाड्या भरण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी हे तांड्यातांड्यावर बोलले पाहिजे.