पडदा पडतो, पण पूर्ण नव्हे
विशेष प्रतिनिधी

स्वीडनमधील संगणक सुरक्षा सल्लागार डॅन एगरस्टाड याने २००७ साली सुमारे शंभर ई-मेल खात्यांचे पासवर्ड जाहीर केले आणि अनेक देशांच्या दूतावासांत खळबळ उडाली. त्या यादीत भारतीय दूतावासांची खातीही होती. एगरस्टाडने कोणाचाही संगणक फोडला नव्हता. ‘टॉर’ या निनावी जाळ्यातून उघड्या स्वरूपात बाहेर पडणारा मजकूर त्याने केवळ वाचला होता. ओळख लपणे आणि मजकूर सुरक्षित राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातील धडा.

‘लिंक्स’ वापरणाऱ्यांनी तो विशेष ध्यानात ठेवावा. कॅन्सस विद्यापीठात १९९२ साली जन्मलेला हा ब्राउझर केवळ अक्षरे दाखवतो. चित्रे आणि जावास्क्रिप्ट नसल्याने पाळत ठेवण्याच्या अनेक युक्त्या येथे निष्प्रभ ठरतात. तथापि, वाचकाचा आयपी पत्ता संकेतस्थळाला कळतोच.

तो झाकण्यासाठी ‘प्रिव्हॉक्सी’ हा मध्यस्थ प्रॉक्सी उपयोगी पडतो. तो संगणकातच ८११८ क्रमांकाच्या पोर्टवर लिंक्सची मागणी स्वीकारतो. त्याच्या मांडणीत तशी ओळ घातल्यास ती ९०५० या पोर्टवरील टॉरकडे सोपवली जाते. तेथून ती तीन टप्पे पार करून बाहेर पडते. लिंक्सच्या मांडणीत एचटीटीपी आणि एचटीटीपीएस या दोहोंसाठी प्रॉक्सीचा पत्ता नोंदवणे आवश्यक असते. दुसरी नोंद राहिली, तर सुरक्षित म्हणवणारी पानेच थेट मागवली जातात आणि पत्ता उघडा पडतो.

आणखी एक मेख आहे. लिंक्स प्रत्येक संकेतस्थळाला स्वतःचे नाव सांगतो. त्याचे वापरकर्ते मूठभर असल्याने तोही ओळखीचा धागा ठरतो. टॉर ब्राउझर मात्र आपले सर्व वापरकर्ते शक्यतो एकसारखे भासावेत, अशा बेताने घडवलेला आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यानंतर २०२२ साली ‘सर्ट-इन’ने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपण्याचे निर्देश दिले. त्यामुळे स्वतः उभारलेल्या पडद्याचे आकर्षण वाढणे स्वाभाविक आहे. मात्र अर्धवट मांडणी ही मांडणी नसण्यापेक्षा घातक ठरते. कारण उघडा माणूस निदान जपून वागतो.