व्ह्यूज वाढले, पत वाढली का?

आमच्या नागपुरातल्या सदरचा डॉली चायवाला आता साऱ्या जगाला ठाऊक झालाय. सुनील पाटील हे त्याचं खरं नाव. फेब्रुवारी २०२४ मध्ये बिल गेट्स यांनी त्याच्या हातचा चहा घेतला, तो व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. तो काही नागपूरचा नाही, हैदराबादला चित्रित झाला होता. समोरचा पाहुणा कोण, हे आपल्याला माहीतच नव्हतं, असं डॉलीनं नंतर मोकळेपणानं सांगून टाकलं. मग जुलै २०२५ मध्ये त्यानं देशभर फ्रँचायझी द्यायची घोषणा केली, तेव्हा ‘आता शिकून तरी काय उपयोग?’ म्हणत बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. मला ते काही पटलं नाही. कष्टानं नाव कमावलं, त्यावर धंदा वाढवतो, यात गैर काय? प्रश्न वेगळाच आहे. गिऱ्हाईक पहिल्यांदा डॉलीचं नाव वाचून येईल. दुसऱ्यांदा येईल ते चहासाठीच.

यालाच हल्ली ‘पर्सनल ब्रँड’ म्हणतात. आपला जुना शब्द आहे ‘पत’. बचत गटातल्या बायकांना तो काही समजावून सांगावा लागत नाही.

इकडे प्रताप नगरात उन्हाळा आला की गच्च्यांवर कुरडया, मूगवड्या, सरगुंडे वाळत पडतात. पूर्वी हे ओळखीपाळखीत विकलं जायचं, आता त्याचे रील निघतात. छानच झालं! घराबाहेर पडायची परवानगी मागत बसावं लागत नाही आणि पैसा स्वतःच्या हातात येतो. पण बघणाऱ्यांचा आकडा वाढला की निराळेच फोन सुरू होतात. आमच्या ओळखीतल्या एकीला असाच फोन आला. ‘ताई, वजन कमी करायची पावडर पाठवतो, डबा फुकट, वर पैसेही देऊ. फक्त मी स्वतः घेते आणि फरक पडला, एवढंच म्हणा. जाहिरात आहे हे मात्र बोलायचं नाही.’ ती माझ्याकडे आली. म्हणाली, ‘काकू, दोनच वाक्यांचं तर काम आहे!’

त्या दोन वाक्यांवर विश्वास ठेवून कोणी शुगरची बाई ती पावडर घेईल, हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. आणि हा नुसता नीतीचा प्रश्न नाही, कायद्याचाही आहे. फसव्या जाहिरातींबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये नियम आणले. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यानं सोशल मीडियावरच्या मंडळींसाठी वेगळ्या सूचना काढल्या. पैसे घेतले असोत की फुकटचा डबा, ‘ही जाहिरात आहे’ असं ठळकपणे आणि व्हिडिओच्याच भाषेत सांगायला हवं. स्वतः न वापरलेल्या वस्तूची भलामण करायची नाही. फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. ऐकून तिनं कपाळालाच हात लावला. आमच्या कुरडया विकून किती जन्मांत फिटायचे ते!

मला इथं ‘आपली आजी’ आठवतात. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे. सत्तरीच्या आसपास, शाळेत गेलेल्या नाहीत. २०२० मध्ये नातवानं मोबाईल धरला आणि आजींनी चुलीपुढं बसून गावरान स्वयंपाक दाखवला. त्याच वर्षी चॅनल हॅक झालं, काही दिवसांनी परत मिळालं. त्यांनी नट्टापट्टा केला नाही की भाषा बदलली नाही. पाहणारीला वाटतं, ही बाई माझ्या सासूसारखीच अंदाजानं मीठ टाकते, आणि तरी पदार्थ जमतो. करून पाहिला आणि जमला, तिथं विश्वास बसतो. त्याला वेळ लागतो, आणि रीलच्या जगात थांबायची तयारी कोणाची नसते, हीच अडचण आहे.

पावडरवाल्याला तिनं नाही म्हटलं. महिन्याला चार पैसे कमी आले, हे खरं. घरच्यांनी बोलूनही दाखवलं.

बघणाऱ्या मैत्रिणींसाठीही एक सांगते. रीलवर भरवसा ठेवून काही मागवलं आणि फसवणूक झाली, तर लाजून गप्प बसू नका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तिथं तक्रार करता येते. आणि फोन लावायच्या आधी तो व्हिडिओ आणि पैसे दिल्याचा मेसेज मोबाईलमध्ये जपून ठेवा. बोंब झाली की व्हिडिओ सर्वांत आधी गायब होतो.