१४४१६ ला फोन लावला, आता पुढे काय?

रात्री झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवणावर वासना नाही. ईसीजी, साखर, थायरॉइड सगळं नॉर्मल येतं. मग घरचं कुणीतरी हळूच विचारतं, ‘डॉक्टर, हे मनाचं तर नसेल ना?’ पूर्वी हा प्रश्न आम्हाला काढावा लागायचा, आता तो घरच्यांकडूनच येतो. त्यापुढचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे: जायचं कुठे?

सरकारने यावर दिलेलं मोठं उत्तर म्हणजे ‘टेली-मानस’. १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आणि मराठीतही चालतो. देशभरातून त्यावर २० लाखांहून अधिक फोन आले आहेत. प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी जोडून देतात. सोय चांगली आहे, ती जरूर वापरा. पण स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा दारूचं व्यसन हे आजार वर्षानुवर्षं चालतात. गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का, पुन्हा बिघडण्याची चिन्हं कोण ओळखतं, सांभाळणारी आई किंवा बायको कधी श्वास घेते, ही कामं फोनवरून होत नाहीत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना आढळले होते आणि देशात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ पुरा पडत नव्हता. पुण्याची स्थिती त्यामानाने बरी आहे, पण खाजगी तज्ज्ञांची फी महिनोन्‌महिने भरणं सगळ्यांना झेपत नाही.

पहिली पायरी तुमचा नेहमीचा डॉक्टरच असू द्या. थायरॉइड, बी-१२ची कमतरता, ॲनिमिया, स्टेरॉइडच्या गोळ्या यांनीही मन बिघडल्यासारखं दिसू शकतं. घरातलं वयस्कर माणूस दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलायला लागलं, तर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका. त्यामागे बहुतेकदा संसर्ग, सोडियम कमी होणं किंवा असाच शारीरिक बिघाड असतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

शारीरिक कारण नसेल तर पुण्यात ससूनचा मानसोपचार विभाग आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे आणि येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ‘येरवडा’ म्हटलं की लोक अजून दचकतात, कारण आपण वर्षानुवर्षं त्या नावावर विनोद केले. पण तिथे बाह्यरुग्ण विभाग आहे. केसपेपर काढून, दाखवून, गोळ्या घेऊन संध्याकाळी घरी येता येतं.

आता आधारगटांबद्दल. मला वाटतं, पुण्याची खरी जमेची बाजू इथे आहे आणि रुग्णांना नेमकी तीच माहीत नसते. याच येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांकडेही लक्ष दिलं जातं. बायकांसाठी ‘सहचरी’ गट आहे, घरी गेल्यावर फॉलोअप आहे. दारू सुटली तरी दहा वर्षं दबून राहिलेली बायको एका दिवसात मोकळी होत नाही, हे त्यांना फार लवकर उमगलं. स्किझोफ्रेनियासाठी डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेली ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ आहे. ‘देवराई’ हा चित्रपट तुम्ही पाहिला असेल, त्यामागेही डॉ. वाणीच होते. वस्त्यांमध्ये ‘बापू ट्रस्ट’ काम करतो. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं ऐकून घेण्यासाठी ‘कनेक्टिंग’चे स्वयंसेवक आहेत.

पुण्यातल्या अशा काही गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शब्द जरा गोड आहेत खरे, पण त्यामुळे सांभाळणाऱ्याला पहिल्यांदा स्वतःचं नाव मिळालं. गटात बसल्यावर कळतं की मुलगा आंघोळ करत नाही तो आळसाने नव्हे, आजाराने. गोळी का थुंकतो, लग्नाचा विषय निघाला की काय सांगायचं, हे दुसरी आई जितकं नीट सांगते तितकं मला दहा मिनिटांच्या ओपीडीत जमत नाही. पण गटात कुणी म्हणालं, ‘आमच्याने गोळ्या सोडल्या, आता ठणठणीत आहे,’ तर ते ऐकून घ्या आणि गोळ्या चालू ठेवा. डोस कमी करायचा तर तज्ज्ञांना विचारूनच.

यात मला एक गोष्ट खटकते. हेल्पलाइनला सरकारी पैसा आहे, पण असे गट बहुतांशी देणग्या आणि स्वयंसेवकांवर चालतात. त्यामुळे ते शहरात मोजक्याच ठिकाणी आहेत. वाघोलीहून दोन बस बदलून येणारी आई तिसऱ्या बैठकीनंतर दिसेनाशी होते. तालुक्याच्या दवाखान्यात महिन्यातून एक बैठक घ्यायला खर्च तो कितीसा?

गाडी पाठवून माणसाला उचलून नेणाऱ्या ‘केंद्रां’पासून सावध राहा. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नुसार व्यसनमुक्ती केंद्रालाही नोंदणी लागते. नोंदणीचा कागद मागा. रुग्णाला साखळीने बांधणं आणि भूल न देता शॉक देणं, दोन्हीला कायद्याने बंदी आहे. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायलाही याच कायद्याने सांगितलं आहे, तेव्हा क्लेम नाकारला तर गप्प बसू नका.

कुणी ‘मला जगायचं नाही’ म्हणालं, तर विषय बदलू नका. ‘जीव द्यायचा विचार येतो का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. त्यांना एकटं सोडू नका, घरातल्या गोळ्या आणि कीटकनाशकं हलवा, १४४१६ ला फोन करा आणि धोका समोर दिसत असेल तर ११२ ला फोन करा किंवा थेट जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. पोलिसांच्या भीतीने ‘चुकून घेतलं’ असं सांगू नका, काय आणि किती घेतलं ते डॉक्टरांना खरं कळलंच पाहिजे. एमएलसीची नोंद होईल, जबाबही घेतला जाईल. पण २०१७ च्या कायद्याने अशा व्यक्तीला तीव्र मानसिक ताणाखाली असल्याचं मानून शिक्षेतून वगळलं आहे आणि १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत जुनं ३०९ कलमही राहिलेलं नाही.

गटाला पहिल्यांदा फोन कराल तेव्हा तीन गोष्टी विचारा: बैठक कोणत्या वारी असते, रुग्ण यायला तयार नसेल तर आम्ही एकटे आलो तर चालेल का, आणि पैसे द्यावे लागतात का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी ‘हो, या’ असंच मिळेल.