‘आता वय झालं’ म्हणण्यापूर्वी

रमजान सुरू झाला की मोबाईलवर एक संदेश हमखास फिरतो : रोजा ठेवा, मेंदू तरुण राहील, म्हातारपणी विसर पडणार नाही. चातुर्मासात तोच मजकूर उपवासाच्या नावाने येतो. रोजा ही इबादत आहे, उपवास हे व्रत आहे. त्यांना औषधाचे लेबल लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उंदरांवरील प्रयोगांत काही फायदे दिसले आहेत, पण रोजाने माणसाचा स्मृतिभ्रंश टळतो, हे सिद्ध झालेले नाही.

मग हाती काय आहे? मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के, पण तो खातो सुमारे २० टक्के ऊर्जा. ती रक्तातून पोहोचते. मधुमेह आणि रक्तदाब वर्षानुवर्षे बेलगाम राहिले, तर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगाने २०२४ मध्ये अशी १४ कारणे मांडली. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, बैठी सवय, कमी ऐकू येणे, एकटेपणा ही त्यांतली काही. ही सगळी कारणे दूर झाली, तर स्मृतिभ्रंशाची सुमारे ४५ टक्के प्रकरणे टळू किंवा लांबू शकतात.

‘आमच्या घराण्यातच विसराळूपणा आहे,’ असेही आपण म्हणतो. जनुके बदलता येत नाहीत, हे खरे. पण त्यांच्यावर रासायनिक खुणा बसतात आणि कोणते जनुक किती काम करेल, हे त्या खुणांवरही ठरते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, युद्धामुळे नेदरलँड्समध्ये उपासमार झाली. त्या वेळी गर्भात आलेल्या बाळांच्या जनुकांवरील खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्या सख्ख्या भावंडांपेक्षा वेगळ्या आढळल्या. उपासमारीच्या काळात गर्भाचे पहिले महिने गेलेल्यांना साठीच्या उंबरठ्यावर एकाग्रतेची एक चाचणीही जड गेली. म्हणजे आईच्या पोटातली भूकसुद्धा शरीर विसरत नाही.

सुधारणेला उशीर मात्र झालेला नसतो. फिनलंडमध्ये साठी ओलांडलेल्या १,२६० जणांवर प्रयोग झाला. आहार, व्यायाम, बुद्धीचा सराव आणि रक्तदाब-साखरेवर लक्ष, हे सारे ज्यांनी दोन वर्षे एकत्र सांभाळले, त्यांची बौद्धिक क्षमता इतरांपेक्षा अधिक सुधारली.

म्हणून इफ्तारच्या दस्तरखानावर भजी आणि सरबत बेताने असू द्या. आजारी माणसाला रोजातून सवलत आहेच. इन्सुलिन घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा धरू नये. साखर एकदम उतरणेही मेंदूला घातक असते.

घर कोणाचेही असो, अम्मी किंवा आजोबा तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारू लागले, रोजची वाट चुकू लागले, तर ‘आता वय झालं’ म्हणून विषय संपवू नका. कधी बी-१२ जीवनसत्त्व कमी असते, कधी थायरॉईड बिघडलेले असते. त्यावर इलाज आहे. तपासणी न करताच आपल्या माणसाला म्हातारपणाच्या स्वाधीन करणे, हा त्याच्यावर अन्याय आहे.